केराटिनची व्हायल

माझं अपेंडिक्स यवतमाळच्या आमच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये एका पत्र्याच्या ड्रॉवरमध्ये आहे. मेणाच्या ठोकळ्यात बसवलेलं, अंगठ्याच्या पेरापेक्षा लहान. बऱ्याच वर्षांपूर्वी पोटात दुखायला लागलं, सर्जननं ते काढलं आणि तपासणीसाठी मी काम करते त्याच लॅबमध्ये पाठवलं. रजा संपवून परत आले तेव्हा ते माझी वाटच पाहत होतं. त्याचे काप मीच कापले. रिपोर्टमध्ये विशेष काही नव्हतं. ठोकळ्यावर नंबर टाकून तो ठेवून दिला आणि विसरले.

तो पुन्हा बाहेर निघाला तो मॅडमनी केराटिनची तपासणी सुरू केली तेव्हा. मॅडम म्हणजे लॅबच्या मालक, डॉक्टर. मी टेक्निशियन. बारावी सायन्सनंतर डीएमएलटी केलं आणि इथं लागले, ती इथंच आहे. माझं काम असं की शरीरातून काढलेली गाठ मेणात बसवायची, यंत्रावर तिचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप करायचे, ते काचेवर घ्यायचे आणि रंगवायचे. मॅडम मायक्रोस्कोपखाली पाहतात आणि रिपोर्ट लिहितात. बहुतेक गाठी एवढ्यावर कळतात.

काही कळत नाहीत. पेशी इतक्या बिघडलेल्या असतात की त्या मुळात कुठल्या, हे नुसतं पाहून सांगता येत नाही. मग पेशीच्या आतला सांगाडा शोधावा लागतो. कातडी, तोंड, घसा, आतडं यांच्या अस्तराच्या पेशींत केराटिन नावाचं प्रोटीन असतं. नखात आणि केसात असतं त्याच जातीचं. त्याचे धागे पेशीच्या आत जाळं विणतात, त्यावर पेशीचा आकार टिकून राहतो. रक्ताच्या आणि लसिकागाठींच्या, म्हणजे लिम्फ नोडच्या, पेशींत ते नसतं. म्हणजे मानेतली एखादी गाठ अस्तराच्या पेशींची आहे, दुसरीकडून येऊन तिथं वाढलेली, की ती लसिकागाठीचाच आजार, म्हणजे लिम्फोमा, हे केराटिनवरून कळतं. दोन्ही कॅन्सरच, पण औषधं वेगळी.

केराटिन ओळखणारी अँटिबॉडी उंदराच्या पेशींपासून तयार करतात. ती एका छोट्या बाटलीत येते. आम्ही तिला व्हायल म्हणतो. दिसायला पाण्यासारखी. तिचा थेंब कापावर टाकला की ती केराटिनला जाऊन चिकटते, आणि पुढची दोन-तीन रसायनं टाकली की तेवढीच जागा तपकिरी होते. बाकी सगळं निळं राहतं. आधी अशा गाठी आम्ही नागपूरला पाठवायचो, रिपोर्ट यायला पंधरा-वीस दिवस लागायचे. मॅडम म्हणाल्या, आपणच करू. मला आठ दिवस नागपूरला शिकायला पाठवलं.

या तपासणीला प्रेशर कुकर लागतो. काचा एका औषधी पाण्यात उकळाव्या लागतात, नाहीतर अँटिबॉडी आतपर्यंत पोचत नाही. आम्ही घरी वापरतात तसलाच पाच लिटरचा कुकर आणला. शिट्टी झाली की बाहेर काउंटरवर बसणारी बाई विचारायची, "आज काय भाजी हाय?" हे ती अजूनही विचारते.

आणि लागतो कंट्रोल. म्हणजे ज्यात केराटिन आहे हे आधीच पक्कं माहीत आहे असा तुकडा. पेशंटच्या कापाबरोबर तोही रंगवायचा. तो तपकिरी झाला तर तपासणी बरोबर चालली. नाही झाला तर पेशंटच्या काचेवर विश्वास ठेवायचा नाही. अपेंडिक्स यासाठी चांगलं. आतलं अस्तर तपकिरी होतं, बाहेरचा स्नायू निळा राहतो. मॅडमनी विचारलं, "तुझं वापरलं तर चालेल का?" मी हो म्हटलं. त्यांनी ते कागदावर लिहून सही घेतली. तेव्हापासून प्रत्येक पेशंटसोबत माझ्या अपेंडिक्सचा एक काप कुकरमध्ये जात आला आहे.

मी दारव्ह्याला राहते. तेव्हा रोज सकाळी काळीपिवळी जीपनं यवतमाळला यायचे आणि संध्याकाळी तिनंच परत जायचे. जीपवाला दारव्ह्याजवळच्या एका तांड्यावरचा, बंजारा समाजाचा, माझ्याच वयाचा. मला मागं बसलं की मळमळतं, हे त्याला पहिल्याच आठवड्यात कळलं. तेव्हापासून पुढची खिडकीजवळची जागा तो माझ्यासाठी राखून ठेवायचा. कोणी बसलं तर म्हणायचा, "उठा भाऊ, डाक्टरीनबाईची जागा हाय." मी डॉक्टर नाही हे दहादा सांगून झालं होतं. फोनवर घरच्यांशी तो गोरबोलीत बोलायचा, आमच्याशी वऱ्हाडीत. मी काय काम करते याचं त्याला फार कुतूहल. "ताई, आज कोनाची गाठ कापली?" मी म्हणायचे, नाव सांगता येत नाही. "नाव नोका सांगू. केवढी होती ते सांगा."

एका उन्हाळ्यात, मार्च असावा, त्यानं गळ्यातला दुपट्टा काढून घाम पुसला तेव्हा मला त्याच्या मानेवर, कानाच्या खाली, सुपारीएवढा उंचवटा दिसला.

"भाऊ, मानेले काय झालं?"

"काई नाई ताई. हवा लागली असन. दिवसभर खिडकी उघडी रायते."

"दुखते काय?"

"दुखत असतं तं दाखवलं असतं."

न दुखणाऱ्या गाठी मी जास्त पाहिल्या आहेत. पण तेव्हा एवढंच म्हणाले, "दाखवून घ्या एकदा." तो हो म्हणाला. पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारलं, पुन्हा हो म्हणाला. मध्येच एकदा मी काहीतरी बोलत होते तर म्हणाला, "जोरात बोला ताई. ह्या कानानं आजकाल आयकू येत नाई बराबर." मी जोरात बोलले. त्या कानाचा आणि त्या गाठीचा काही संबंध असेल असं माझ्या मनातही आलं नाही.

दीड-दोन महिने मी त्याच्या मागे लागले. शेवटी मे महिन्यात त्यानं यवतमाळच्या एका सर्जनला दाखवलं. सर्जननं गाठ काढली आणि ती आमच्याकडे आली. याचा त्याला आनंदच झाला. "बाहेर कुठी गेली नाई, आपल्या ताईच्याच लॅबमध्ये हाय," असं तो जीपमधल्या लोकांना सांगायचा.

साध्या रंगात ती गाठ कळेना. मोठमोठ्या बिघडलेल्या पेशी, आणि त्यांच्याभोवती लसिकागाठीच्या लहान पेशींची गर्दी. मॅडम म्हणाल्या, "केराटिन लावायला लागेल." पण केराटिनची व्हायल संपली होती. शेवटचा थेंब आदल्या आठवड्यात वापरला होता. नवी मागवली होती, ती वाटेत होती.

ती आली सोमवारी दुपारी. यायला हवी होती शुक्रवारी. मध्ये सुट्ट्या आल्या आणि खोकं तीन दिवस कुरिअरच्या गोदामात पडून राहिलं. मे महिन्यातलं यवतमाळ, आणि वर पत्रे. मी थर्माकोलचं झाकण उघडलं. बर्फाच्या पिशव्यांचं पाणी झालं होतं, आणि तेही कोमट होतं.

अशा वेळी काय करायचं ते आमच्या रजिस्टरमध्ये छापलेलं होतं. खोकं आलं की आतून थंड आहे की नाही ते पाहायचं, तसं लिहायचं, कोमट असेल तर कंपनीला फोन करून माल परत करायचा. मॅडम त्या दिवशी पुसदला गेल्या होत्या. मला माहीत होतं की परत केलं तर नवी यायला तीन आठवडे लागतील. चार पेशंट खोळंबले होते. त्यातला एक मला रोज सकाळ-संध्याकाळ भेटत होता आणि काही न विचारता माझ्या तोंडाकडे पाहत होता. मी "थंड" या रकान्यात बरोबरची खूण केली आणि व्हायल फ्रिजमध्ये ठेवली.

नवी व्हायल आली की जुनीच्या शेजारी लावून ताडून पाहायची असते. जुनी उरलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी चौघांच्या काचा लावल्या. माझं अपेंडिक्स तपकिरी झालं. नेहमीपेक्षा फिकं वाटलं. मी काच उजेडाकडे धरली, पुन्हा मायक्रोस्कोपखाली पाहिली आणि ठरवलं की ठीक आहे. मॅडमनी विचारलं, "कंट्रोल?" मी म्हटलं, "आलं." त्यांनी माझ्यावर भरवसा ठेवला आणि पेशंटची काच पाहायला घेतली. एरवी त्या दोन्ही पाहतात. त्या दिवशी बाहेर लोक ताटकळले होते.

जीपवाल्याच्या काचेवर मोठ्या पेशी निळ्याच होत्या. तपकिरी कुठंच नाही.

"केराटिन नाही," मॅडम म्हणाल्या. "लिम्फोमाकडे जातंय. नक्की सांगायला अजून तीन-चार टेस्ट लागतील, ठोकळा नागपूरला पाठवू."

मी विचारलं, "लिम्फोमा असला तर?"

"औषधांवर बरेच जण बरे होतात. त्या मानानं बरं म्हणायचं."

हे त्या मला म्हणाल्या. पेशंटसाठी नव्हतं. संध्याकाळी जीपमध्ये बसले. दारव्हा येईपर्यंत गप्प राहिले. सगळे उतरल्यावर मात्र राहवलं नाही.

"भाऊ, अजून पक्कं नाई. पन औषधानं बरा होनारा प्रकार दिसते."

त्यानं स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले. मग म्हणाला, "कापाकापी नाई?"

"तसंच दिसते."

"ताई, तुमी मले जिवंत केलं."

मी म्हटलं, कोणाला सांगू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी वाटेतल्या फाट्यावर त्यानं जीप थांबवली आणि जीपमधल्या अकराच्या अकरा माणसांना आलुबोंडा आणि तर्री खाऊ घातली. कशाबद्दल, ते सांगितलं नाही. एक म्हातारे गृहस्थ पुन्हा पुन्हा विचारत होते, "पोरीचं लग्न जुळलं काय बाप्पा?" तो नुसता हसत होता. मीही खाल्लं.

शनिवारी दुपारी पेशंट कमी असतात. मी काचांच्या पेट्या लावायला बसले होते. जुन्या कंट्रोलच्या काचा एका पेटीत, नव्या दुसऱ्या पेटीत. हिवाळ्यातली माझ्या अपेंडिक्सची एक काच हातात आली. ती आणि मंगळवारची, दोन्ही पांढऱ्या कागदावर शेजारी ठेवल्या. मायक्रोस्कोपची गरजच नव्हती. नुसत्या डोळ्यांना दिसत होतं. हिवाळ्यातल्या काचेवर गडद तपकिरी कडं होतं. मंगळवारच्या काचेवर पिवळसर डाग.

अपेंडिक्समध्ये केराटिन भरपूर असतं. अँटिबॉडी अर्धीमुर्धी मेली तरी तिथं थोडाफार रंग येतो. बिघडलेल्या पेशीत ते मुळातच कमी असू शकतं. तिथं काहीच येणार नाही. हे मी नागपूरला शिकले होते, वहीत लिहूनही घेतलं होतं.

मला आठवतं की मी उठून पाणी प्याले आणि फ्रिजमधली व्हायल काढून तिच्यावरचं लेबल वाचलं, जणू त्यावर काही वेगळं लिहिलेलं असेल. मग मॅडमच्या खोलीत गेले.

"मॅडम, सोमवारचं पार्सल थंड नव्हतं."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "किती कोमट होतं?"

"आंघोळीच्या पाण्याएवढं."

"रजिस्टरमध्ये काय लिहिलंस?"

"थंड."

"कंट्रोल?"

मी दोन्ही काचा त्यांच्यापुढे ठेवल्या. त्यांनी त्या खिडकीकडे धरून पाहिल्या. बराच वेळ पाहिल्या. ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. मग विचारलं, "यातल्या कोणत्या पेशंटला कोणी काही सांगितलंय का?"

"जीपवाल्याला. मी सांगितलं."

"काय सांगितलंस?"

मी ते वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं. बोलताना ते फार लहान वाटलं.

"व्हायल नवी आणता येते," मॅडम म्हणाल्या. "हे कसं परत आणशील?" आणि फोन उचलला.

नागपूरच्या एका लॅबमध्ये त्यांची वर्गमैत्रीण होती. ती म्हणाली, आमच्या व्हायलमधले थोडे थेंब देते, माणूस पाठवा. माणूस मीच. सोमवारी पहाटेची एसटी धरली. सोबत घरचा मोठा थर्मास. नागपूरला त्या डॉक्टरांनी एका इवल्याशा नळीत अँटिबॉडी दिली, मी ती दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून थर्मासातल्या बर्फात ठेवली. परत येताना वर्ध्याच्या अलीकडे बसचं टायर गेलं. सगळे उतरून बाभळीच्या सावलीला उभे राहिले. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. मी झाकण उघडून पाहिलं तर बर्फ निम्म्यावर आला होता. रस्त्यापलीकडे एक रसवंती होती. तिथल्या माणसाकडे बर्फ मागितला.

"रस नाई पाहिजे?"

"नाई. बर्फच पाहिजे. आतमंदी औषध हाय."

"कोनाचं?"

"आमच्या जीपवाल्याचं."

त्यानं लादीचा वरचा भुशाचा भाग धुतला, आतला चांगला तुकडा फोडला आणि थर्मासात स्वतः बसवून दिला. मग रसही दिला, तो मी न मागता. मी तो पीत असताना बसचं चाक बसलं.

जीपवाल्याचा ठोकळा अजून नागपूरला गेला नव्हता. मंगळवारी चौघांच्या काचा पुन्हा लावल्या. या वेळी प्रत्येकाच्या दोन-दोन, एक त्या कोमट आलेल्या व्हायलनं, एक नागपूरच्या थेंबांनी. मॅडम पूर्ण वेळ माझ्या शेजारी उभ्या होत्या. तिघांच्या निकालात फरक पडला नाही. जीपवाल्याच्या काचेवर मोठ्या पेशी तपकिरी झाल्या होत्या. एकेका पेशीच्या आत जाळी दिसत होती, स्पष्ट.

मॅडमनी मायक्रोस्कोपवरून डोळे काढले नाहीत. तसंच विचारलं, "याला कानाचा काही त्रास आहे का?"

"एका कानानं कमी ऐकू येतं म्हणाला होता."

"केव्हा?"

"मार्चमध्ये."

त्यांनी मला कागदावर काढून दाखवलं. नाकाच्या मागे, घशाच्या वर एक जागा असते. तिथून कानाकडे एक नळी जाते. तिथं वाढ झाली की कान बसतो, आणि ती मानेत उतरली की आधी गाठच दिसते. भोवती लहान पेशींची गर्दी असते, त्यामुळे भले भले लिम्फोमा म्हणून फसतात. "केराटिननंच ओळखू येतो हा," त्या म्हणाल्या. मी त्या कागदाची घडी करून पर्समध्ये ठेवली. का ठेवली, सांगता येणार नाही.

बुधवारी जीपवाला आणि त्याची बायको आले. मॅडमनी आधी सगळं सांगितलं: पहिली तपासणी चुकली, गाठ दुसऱ्या प्रकारची आहे, नाकाच्या मागे मूळ असावं, नागपूरला दुर्बिणीनं पाहायला लागेल, शेक, म्हणजे रेडिएशन, घ्यावा लागेल. आणि हेही म्हणाल्या की हा आजार शेकाला चांगली दाद देतो. चूकही वेळेत पकडली गेली. मग मॅडमनी माझ्याकडे पाहिलं.

मी सांगितलं. पार्सल कोमट होतं, मी थंड लिहिलं. कंट्रोल फिकं होतं, मी ठीक म्हटलं. आणि त्याला जे सांगितलं ते सांगायचा मला अधिकार नव्हता.

"म्हंजे तुमी मले खोटं सांगतलं?"

"खोटं नाई भाऊ. मले तेव्हा तसंच वाटलं. पन सांगाले नोको होतं."

"मंग कायले सांगतलं?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण ते त्याच्यासमोर म्हणण्यासारखं नव्हतं. तो रोज माझ्या तोंडाकडे पाहायचा, ते मला सहन होत नव्हतं.

त्याच्या बायकोनं त्याला गोरबोलीत काहीतरी विचारलं. त्यानं दोन शब्दांत उत्तर दिलं. मग ती मॅडमना म्हणाली, "बाई, तवा तुमी एक सांगतलं, आता दुसरं. खरं कोनतं हे आमी कसं समजाव?"

मॅडम म्हणाल्या, "बरोबर विचारलंत. या, पाहा." आमच्याकडे दोघांनी एकदम पाहायचा मायक्रोस्कोप आहे. त्यांनी तिला दुसऱ्या बाजूला बसवलं. आधी माझ्या अपेंडिक्सच्या दोन काचा दाखवल्या, फिकी आणि गडद. मग तिच्या नवऱ्याच्या दोन. ती पदर सावरून, एक डोळा मिटून पाहत होती. मॅडमनी सांगितलं की दोन्ही डोळे उघडे ठेवा.

"हे भुरं भुरं काय हाय?"

"तेच शोधत होतो आपण."

"आन पयल्या काचीत नाई."

"नाही. पहिल्या वेळी औषध खराब होतं."

ती पुन्हा पहिल्या काचेकडे गेली, पुन्हा दुसरीकडे. असं तीन-चारदा केलं. मग नवऱ्याला म्हणाली, "पाहून घ्या तुमी." तो म्हणाला, "मले नाई पाहाचं." आणि उठून बाहेर गेला.

त्या संध्याकाळी मी एसटीनं घरी गेले. पुढंही एसटीनंच. नागपूरला दुर्बिणीतून तपासलं तेव्हा मॅडम म्हणाल्या होत्या तिथंच मूळ सापडलं. सहा-सात आठवडे शेक आणि सोबत सलाईनमधून औषधं चालली. नवरा-बायको नागपूरला एका धर्मशाळेत राहिले. जीप त्याचा साळा चालवायला लागला. एकदा एसटी चुकली म्हणून मी जीपकडे गेले तर साळा म्हणाला, "जागा नाई." मागं दोन जागा रिकाम्या होत्या. मी बाजूला झाले.

लॅबमध्ये मॅडमनी मला घडलेलं सगळं माझ्या अक्षरात लिहून काढायला लावलं आणि तो कागद रजिस्टरमध्ये चिकटवला. रजिस्टर उघडलं की आधी तोच दिसतो. आता पार्सल दोघी मिळून उघडतो, दोघींची सही लागते. त्यासाठी काउंटरवरच्या बाईनंही थर्मामीटर वाचायला शिकून घेतलं. आणि माझ्या अपेंडिक्ससोबत आता यकृताचा एक तुकडाही लावतो. यकृतात केराटिन कमी असतं. व्हायल अशक्त झाली की यकृतात ते आधी कळतं.

मधल्या काळात त्याची खबर मला मॅडमकडून मिळायची. शेक संपला. वजन फार उतरलं. सहा महिन्यांनी तपासलं, काही नाही. वर्षानं तपासलं, काही नाही. मी ऐकून घ्यायचे आणि कामाला लागायचे. भेटायला जावं असं वाटलं नाही असं नाही. गेले नाही.

दोन वर्षांनी दारव्ह्याच्या बाजारात तो दिसला. वांग्यांच्या ढिगाऱ्याजवळ त्याची बायको बसून निवडत होती, तो मागं उभा होता. निम्मा झालेला. गळ्यात दोरीनं पाण्याची बाटली अडकवलेली. मी वळून दुसऱ्या रांगेत जाणार होते, पण बायकोनं आधी पाहिलं. "ताई!"

मी गेले. तो बाटलीतून एक घोट प्यायला, मग बोलला. आवाज बारीक झाला होता.

"थुकी नाई राह्यली तोंडात. घोट घेतल्याबिगर बोलता येत नाई."

"जेवन?"

"वरनात कुस्करून. कोरडी भाकर उतरत नाई." पुन्हा एक घोट. "राग होता ताई तुमचा. लय."

"असनारच."

"आता तेवढा नाई." शेजारी कांदेवाला ओरडत होता, तो गप्प होईपर्यंत थांबला. "एक सांगू? तुमी बरा होईन म्हनलं ना, ते आठ दिवस मी लय झोपलो. जीप लावली का झोपलो. त्याच्यानंतर तसा झोपलोच नाई कदी."

मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

बायको उठली. वांगी तशीच टाकून म्हणाली, "ताई, फुलसावंगीले माही बहीन हाय. तिच्या छातीत गाठ हाय. दाखवतच नाई. तुमी बोला तिच्याशी." आणि मी हो-नाही म्हणायच्या आत फोन लावून माझ्या हातात दिला.

पलीकडून बाईचा आवाज आला, मागं शेळ्या ओरडत होत्या. कोण म्हणून विचारलं. मी सांगितलं, यवतमाळच्या लॅबमधली.

"दुखत नाई मले," ती लगेच म्हणाली.

"या तुमी गुरुवारी. सर्जन असतात. मी दवाखान्याच्या दारात थांबते."

"काई निंगालं तं?"

"ते डाक्टरच सांगतीन. मी नुसती सोबत येईन."

तिनं शेळ्यांना हाकललं. मग ती म्हणाली, "यष्टी किती वाजता पोचते तिकडं?"

ती गुरुवारी आली, अकराच्या सुमारास, घामाघूम, सोबत तिचा नवरा. पुढच्या आठवड्यात तिची गाठ काढून आमच्याकडे आली. ती साध्या रंगातच कळली, काळजीसारखं काही नव्हतं. मॅडमनी दोघांना खोलीत बोलावलं. मी त्यांना दारापर्यंत सोडलं, दार लावून घेतलं आणि दुपारच्या काचा कुकरमध्ये ठेवायला गेले.